तिसऱ्याचा पाचवा हिस्सा

माझ्या दोन्ही टाचांच्या मागे, जिथून शीर ताठ पोटरीकडे जाते, तिथं एकेक गाठ आहे. डावीकडची मोठी, उजवीकडची चिंचोक्याएवढी. दुखत नाहीत. नवीन चपलेचा पट्टा घासला तरच त्या आहेत हे आठवतं. आमच्या घरात ह्या गाठीला वाटगाठ म्हणत. हा शब्द मी घराबाहेर कोणाच्या तोंडी ऐकलेला नाही, आमच्या गावातसुद्धा नाही. ज्याला वाटगाठ आली तो लांब चालणार, लांब जाणार, असं थोरली आत्या सांगायची. माझे वडील टपाल घेऊन चार-पाच गावं पायी करायचे, त्यांच्या दोन्ही पायांना होत्या. भावाला अठराव्या वर्षी दिसायला लागल्या तेव्हा आत्यानं गूळ वाटला होता. मला बघायला पाहुणे आले तेव्हा तिनं सासूबाईंना सांगितलं, पोरगी लांब दिली तरी निभावून नेईल, हिला वाटगाठ आहे. सासूबाईंनी वाकून बघितल्या. पुढं मी वाशीमकडून पनवेलला आले, म्हणजे आत्याचं म्हणणं खरंच ठरलं म्हणायचं.

वडील पंचेचाळिशीच्या आत गेले. चहाचा कप हातात होता. भाऊ अडतिसाव्या वर्षी गेला, एसटी स्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या. वायरमन होता, खांबावर सरसर चढायचा. बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, ह्याला झोप लागली. त्या माणसाची बस आली आणि तो निघूनही गेला. दोघंही काटक होते, अंगावर मूठभर मांस नाही. छातीत कळ आली असेल, असं लोक म्हणाले. त्यापुढं कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मी गेले नाही. चालणाऱ्यांच्या घराण्यातली असून तेवढं चालले नाही, ह्याचं कधी कधी हसू येतं.

नवीन पनवेलमध्ये रक्त तपासायची एक लहानशी लॅब आहे, तिथं मी सहा वर्षं काम करते. कागदावर मी सफाईची. पण फरशी पुसून झाली की काउंटरला बसते, ट्यूबवर नावाची पट्टी चिकटवते, सॅम्पल मशीनमध्ये लावून फिरवायला ठेवते, फोन घेते. लॅबच्या डॉक्टर बाई, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणतो, त्यांनी मला घेतलं तेव्हा दाखला मागितला नव्हता. एक कागद पुढं केला आणि दहा नावं लिहून दाखव म्हणाल्या. मी लिहिली. त्यांनी अक्षर बघितलं आणि उद्यापासून ये म्हणाल्या. ते मी विसरलेले नाही. विसरलेले नाही म्हणूनच प्रत्येक पट्टी मी तीनदा वाचते. एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाईल ही भीती मला जेवतानासुद्धा असते.

फोनवर माझं एक वाक्य ठरलेलं आहे. सकाळी उपाशी पोटी या, बारा तास काही खायचं नाही, पाणी चालेल. दिवसातून वीसदा तरी म्हणत असेन.

रक्त फिरवलं की तांबडं खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी येतं. आपलं माणूस असो की परकं, ते पाणी बहुतेक सारखंच असतं, करडईच्या तेलासारखं स्वच्छ. पण कधी कधी ते पांढरं येतं. तळोज्याच्या कंपनीतला एक सुपरवायझर होता, आदल्या दिवशी कोणाच्या तरी हळदीला जाऊन आलेला. त्याचं आलं ते लस्सीसारखं. आमच्याकडे घरोघर जाऊन रक्त घेणारा एक दादा आहे, उरणजवळच्या करंज्याचा. बंदरावर त्याची आई मासळी सुकवते, आणि हा सुईनं अशी शीर धरतो की लहान पोरं रडायची विसरतात. तो ती ट्यूब उजेडाला धरून म्हणाला, “वयनी, याचं रक्त नाय काढला मी, दूध काढला. चहा टाक.” मॅडम आत होत्या, त्यांनाही हसू आलं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात साधा हिशोब बसला. पांढरं आलं की चरबी, स्वच्छ आलं की माणूस चांगला. कोणी मला तसं शिकवलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं.

मागच्या वर्षी गणपतीनंतरची गोष्ट. मी वाकून कोपऱ्यातली फरशी पुसत होते. मॅडम मागून येत होत्या, त्या थांबल्या. म्हणाल्या, साडी जरा वर घे, हे काय आहे टाचेला? मी सांगितलं, वाटगाठ आहे. घराण्यात असते आमच्या. वडिलांना होती, भावाला होती. सांगताना माझ्या आवाजात आत्याचा आवाज आला असणार. मॅडमनी बोटानं गाठ चाचपली. मग माझा चेहरा उजेडाकडे वळवून डोळ्यांच्या कडा बघितल्या. मग विचारलं, वडील कितव्या वर्षी गेले? भाऊ? मी सांगितलं. त्यांनी दादाला हाक मारली आणि हिचं रक्त घे म्हणाल्या.

दादा दंडाला पट्टा बांधता बांधता म्हणाला, “हिच्या अंगात चरबी कुठं शोधतंस मॅडम, ही तर सुकवलेला बोंबील हाय.” मलाही तेच वाटत होतं. चरबी म्हणजे ताटात जास्त वाढून घेणाऱ्याची गोष्ट, नाहीतर माजलेल्याला द्यायची शिवी. मी कोणाला उलटून बोलत नाही आणि एका भाकरीवर दुसरी घेत नाही.

ट्यूब मीच फिरवली. पाणी स्वच्छ आलं, काचेसारखं. मी हायसं वाटून फरशीकडे परत गेले. संध्याकाळी मॅडमनी मला समोर बसवलं. वाईट कोलेस्टेरॉलचा आकडा तीनशेला टेकला होता.

मी म्हणाले, पण पाणी तर स्वच्छ होतं. त्यांनी नीट समजावलं. त्या घाई करत नाहीत, मला हे त्यांचं आवडतं. म्हणाल्या, पांढरं करते ती खाल्लेल्या अन्नाची चरबी, ट्रायग्लिसराइड. ती जेवणानंतर चढते, उपाशी राहिलं की उतरते. ती दिसते. तुझ्यात आहे ते दिसत नाही, ते पाण्यात विरघळल्यासारखं स्वच्छ फिरत राहतं आणि नळ्यांना आतून बसतं. प्रत्येकाच्या यकृताला दारं असतात, रक्तातलं कोलेस्टेरॉल त्या दारांतून आत ओढून घेतलं जातं. तुझी निम्मी दारं जन्मापासून बंद आहेत. तू काय खाल्लंस ह्याचा फार संबंध नाही. जे आत जायला जागा मिळत नाही ते साचतं, हृदयाच्या नळ्यांत साचतं, आणि टाचेच्या शिरेतही साचतं.

ती गाठ म्हणजे तेच साचलेलं होतं. भावाच्या वेळी आम्ही त्याचाच गूळ खाल्ला होता.

मला रडू आलं नाही, हे मला आठवतं. पंखा फिरत होता आणि त्याचं एक पातं जरा वाकडं होतं. मी ते बघत होते. मॅडमनी गोळी लिहून दिली, हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवते म्हणाल्या, आणि शेवटी म्हणाल्या, मुलगी किती वर्षांची आहे?

अकरा, मी म्हणाले.

दोनांतून एक, असं त्यांनी सांगितलं. आईकडून लेकरात उतरायची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं. उतरलं असेल तर आत्ता कळलेलं चांगलं, लहानपणीच गोळी सुरू केली तर नळ्या स्वच्छ राहतात. नसेल उतरलं तर प्रश्नच मिटला. घेऊन ये तिला, उपाशी पोटी.

घरी जाऊन मी आधी मुलीच्या टाचा चाचपल्या. ती अभ्यास करत होती. गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेतला. काहीच नव्हतं, मऊ टाच. मला माहीत होतं की गाठ अठराव्या वर्षी येते, अकराव्या नाही. तरी त्या मऊपणावर मी चार दिवस काढले.

आम्ही खांदा कॉलनीत राहतो, एका घरमालकिणीच्या खालच्या खोलीत. त्या इथल्याच, मूळच्या आगरी घरातल्या. मी त्यांना मावशी म्हणते. मुलगी तीन महिन्यांची असताना मी इथं आले, माझं कोणी नव्हतं, तिला तेल लावून न्हाऊमाखू घालायला मावशी स्वतः खाली यायच्या. ते उपकार सांगण्यासारखे नाहीत. माझे मालक, म्हणजे मुलीचे बाबा, तळोज्याला केमिकलच्या कंपनीत आहेत. त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती. मी सकाळी सहाला लॅबला निघते, तेव्हा ठरलं असं की ते पाळीवरून आले की मुलीला नऊला लॅबला आणतील. मी तिला सांगितलं आणि त्यांच्यासाठी चिठ्ठीही लिहून ठेवली: उपाशी आणा.

आणली. दादानं रक्त घेतलं, गोष्टी सांगत सांगत. मुलगी बघतच राहिली, कधी सुई गेली कळलं नाही. ट्यूब मी फिरवली.

पाणी जरा धुरकट आलं. लस्सीसारखं नाही, ताकाची निवळी असते तसं.

आणि मला आनंद झाला. आता लिहिताना लाज वाटते, पण झाला. माझं स्वच्छ होतं. हिचं धुरकट आहे. म्हणजे हिचं माझ्यासारखं नाही. धुरकट म्हणजे खाण्याची चरबी, दिसणारी, उतरणारी.

त्या दिवसांत मॅडम लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, तीन आठवडे. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर दुपारी येऊन रिपोर्ट बघून सह्या करायचे. त्यांना माझं काही माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड बरंच जास्त, वाईट कोलेस्टेरॉल थोडं जास्त. ते म्हणाले, ताई, बेकरीचं बंद करा, तूप कमी करा, खेळायला पाठवा, सहा महिन्यांनी परत करू. मी रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला. घरी मालकांना सांगितलं, घाबरायचं कारण नाही. ते मान डोलावून झोपले.

त्याच संध्याकाळी मी मावशींकडे वर गेले, देवाला ठेवायला फुलं द्यायला. मावशी म्हणाल्या, “पोरीला येवढा कडक उपास कशाला सांगतंस गो? त्वांड सुकलेला. मी दिली खिचरी.”

मला आधी कळलंच नाही. मग उलगडलं. मालक पाळीवरून आले, मावशींनी जिन्यातून विचारलं, पोरगी खाली अशी का बसलीय? मालकांनी सांगितलं, तिला आज उपास आहे. त्यांना उपाशी म्हणायचं होतं. दिवस नेमका चतुर्थीचा. मावशींना वाटलं, एवढीशी पोर चतुर्थी करते. त्यांना भरून आलं. साबुदाण्याची खिचडी केली होती, शेंगदाण्याचं कूट आणि वर तूप, ती ताटलीभर दिली. मग केळं घातलेलं दूध. उपासाचंच सगळं, म्हणून मुलीनं खाल्लं. तिला आईनं उपाशी सांगितलं होतं आणि बाबांनी उपास, तिला वाटलं एकच असेल.

मी दिवसातून वीसदा तो शब्द फोनवर म्हणते. इतकी माणसं उपास सोडून येतात, धरून येतात, वरई खाऊन येतात, आणि मी त्यांना परत पाठवते. माझ्याच घरात मी विचारलं नाही.

पण मावशींना मी काही बोलले नाही. उलट खाली येताना मला हलकं वाटत होतं. खिचडी खाऊनसुद्धा आकडा एवढाच, म्हणजे खरंच उपाशी असती तर अजून कमी आला असता. थोडं जास्त आहे ते खिचडीचं. सगळंच खिचडीचं. मी हे इतकं पक्कं धरलं की परत तपासायची गरजच उरली नाही. मॅडम आल्यावर विचारतील तेव्हा सांगू, झालं, बरं आहे.

असे दहा-बारा दिवस गेले. चांगले दिवस होते. मी माझी गोळी घ्यायचे, मुलगी शाळेत जायची.

मग एका दुपारी गर्दी नव्हती. दादा डबा खाऊन बसला होता. मी गंमत म्हणून त्याला खिचडीची गोष्ट सांगितली. उपास आणि उपाशी. मला वाटलं हसेल. तो हसलाही. मग त्यानं विचारलं, आणि रिपोर्ट तसाच सोडलास? मी म्हणाले, बरा आहे की. खाऊनसुद्धा बरा आहे.

दादा म्हणाला, “वयनी, ते वाईटवाला आपली मशीन मोजीत नाय. ते हिशोबानं काढतंय.”

हे मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी ते कागद छापून लोकांच्या हातात देत होते. मला वाटायचं प्रत्येक आकडा रक्तातून वेगळा निघतो. दादानं सांगितलं, मशीन तीन गोष्टी मोजते. एकूण कोलेस्टेरॉल, चांगलं, आणि तिसरं ते ट्रायग्लिसराइड. वाईट हे उरलेलं. एकूणातून चांगलं वजा करायचं, आणि तिसऱ्याचा पाचवा हिस्सा वजा करायचा. जे राहील ते वाईट.

“मंग तिसरा वाढला तर?” तो म्हणाला. बाटलीतलं पाणी प्यायला आणि बॅग घेऊन कामोठ्याच्या फेरीला गेला.

मी पर्समधला रिपोर्ट काढला. पट्टीच्या रोलमागचा पांढरा कागद फाडून घेतला. एकूण दोनशे बत्तीस. चांगलं चव्वेचाळीस. तिसरं दोनशे वीस, त्याचा पाचवा हिस्सा चव्वेचाळीस. पाचचा पाढा मला येतो. दोनशे बत्तीसातून चव्वेचाळीस गेले, एकशे अठ्ठ्याऐंशी. परत चव्वेचाळीस गेले, एकशे चव्वेचाळीस. रिपोर्टवर तेच होतं, एकशे चव्वेचाळीस. थोडं जास्त.

आता खिचडी नाही असं धरलं. लेकराचं उपाशी पोटी तिसरं किती असेल, मी रोज बघते, ऐंशी धरू. पाचवा हिस्सा सोळा. एकशे अठ्ठ्याऐंशीतून सोळा.

एकशे बहात्तर.

मी परत केलं. पट्टी तीनदा वाचते तसं हेही तीनदा केलं. खिचडीनं आकडा वाढवला नव्हता. खिचडीनं तो झाकला होता. तूप जेवढं जास्त तेवढा मोठा पाचवा हिस्सा, तेवढं जास्त वजा, तेवढं वाईट कमी दिसतं. मावशींच्या मायेनं माझ्या लेकीचा आकडा अठ्ठावीसनं खाली आणला होता, आणि त्या अठ्ठावीसावर मी दहा-बारा दिवस जगले होते.

काउंटरला एक बाई येऊन साखरेचा रिपोर्ट मागत होत्या. मी दिला, सुट्टे दिले, नीट बोलले. सहाला मी पडदे ओढले, मशीन पुसलं आणि चालत घरी गेले.

मॅडम सोमवारी आल्या. पेढे आणले होते, नात झाली होती. मी सगळ्यांच्या आधी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. खिचडी सांगितली, नवीन डॉक्टरांना माझं न सांगितलेलं सांगितलं, आणि तो पट्टीचा कागद पुढं ठेवला. मला वाटलं आता काढून टाकतील. सहा वर्षांत मी दडवलेली ही पहिलीच गोष्ट होती.

त्यांनी कागद बघितला. खालून वर, वरून खाली.

“हे तू केलंस?”

मी हो म्हणाले.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या आण तिला. मी स्वतः मशीनला लावते.”

त्या रागावल्या नाहीत, हे मला जड गेलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मुलीला माझ्याबरोबरच सहाला घेऊन निघाले. घरात कोणालाच काही विचारायची संधी ठेवली नाही. ती काउंटरमागच्या स्टुलावर भूक लागली भूक लागली करत बसली, मी फरशी पुसत होते. दादानं आल्या आल्या रक्त घेतलं. ट्यूब फिरून आली. मॅडमनी ती उजेडाला धरली, मी मागे उभी होते.

पाणी स्वच्छ होतं. कुठं धूर नाही, ढग नाही. काचेतून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

आकडा दुपारी आला, एकशे चौऱ्याहत्तर. माझ्या कागदापेक्षा दोन जास्त.

नाणं एका बाजूला पडलं होतं. मुलीला वडापाव खाऊ घातला, तिला दोन हवे होते, दोन घेतले. शाळेला सुट्टी मिळाली म्हणून ती खूश होती.

पुढच्या आठवड्यात लहान मुलांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. सगळं चांगलं होतं, नळ्या चांगल्या, ठोके चांगले. म्हणाले, अगदी वेळेवर आलात. लहान डोसची गोळी सुरू केली, रोज एक, आणि मधून मधून रक्त. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, ही मुलगी म्हातारी होईल, फक्त गोळी चुकवू नका. मी त्यांचे आभार मानले, जरा जास्तच वेळा मानले, तेव्हा ते खुर्चीतून उठून दारापर्यंत आले.

परतताना रिक्षात मुलीनं विचारलं, गोळी किती दिवस? रोज, मी म्हणाले. रोज म्हणजे किती दिवस? रोज गं. परीक्षेच्या दिवशीपण? परीक्षेच्या दिवशीपण. पुलावर रिक्षा अडकली होती, समोर टँकर होता. मग ती म्हणाली,

“मामाला पण ही गोळी मिळाली असती तर?”

मी म्हणाले, मामाचं रक्त कोणी तपासलंच नव्हतं.

ती टँकरकडे बघत राहिली. तिला मामा आठवतो. एका दिवाळीला त्यानं तिला खांबावरून वाकुल्या दाखवल्या होत्या.

“मग दादाचं आणि ताईचं कोण तपासतं?”

दादा आणि ताई म्हणजे माझ्या भावाची मुलं. एक सोळाचा, एक तेराची. दोघं गावाला, माझ्या आईजवळ आणि वहिनीजवळ. सप्टेंबरपासून मी दोनांतून एक, दोनांतून एक हेच घोकत होते, आणि माझ्या डोक्यात फक्त माझीच मुलगी होती. ती दोघं एकदाही आली नाहीत. एकदाही नाही.

घरी पोचल्यावर मी गावाला फोन लावला. आईनं उचलला. मी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. वाटगाठ म्हणजे काय ते सांगितलं, यकृताची दारं सांगितली, गोळी सांगितली. आई ऐकत होती असं वाटलं. मग म्हणाली, “काहून वं पोरायच्या मागं लागली? चांगले खातात-पेतात. तुह्या बापाचं नशीब होतं ते.” मी म्हणाले, नशीब नाही माय, आकडा आहे. ती म्हणाली, त्या शहरातल्या लॅबीत बसून तुले सगळ्यायचंच रक्त खराब दिसते. मोठ्याच्या पायाले आता कुठं गाठ यायला लागली, आत्या असती तर गूळ वाटला असता.

तिचा एक मुलगा गेला होता. तो तपासला असता तर राहिला असता, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगणार होते? मला वाटतं तिला ते कळलं होतं आणि म्हणूनच तिला ऐकायचं नव्हतं.

फोनमध्ये खडखड झाली, मग वहिनीचा आवाज आला. ती शेजारीच बसलेली असणार. वहिनी कमी बोलते. भाऊ गेल्यापासून तर सणालासुद्धा मोजकंच.

“मोठ्याच्या पायाले आली म्हणे गाठ,” ती म्हणाली. “मले ते कधीच आवडलं नाई. ह्यायच्या पायाले पण अशीच होती.” मग म्हणाली, “लेकरं माही आहेत. कधी आणू ते सांगा. दोघायले घेऊन येतो.”

मागून आई काहीतरी म्हणत होती. वहिनीनं तिला उत्तर दिलं नाही.

मी दिवस सांगितला. पुढच्या महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे मुलांची शाळा बुडणार नाही. गाडी कुठली धरायची, पनवेलला कुठं उतरायचं, मी घ्यायला येते, सगळं सांगितलं. लॅबमध्ये आमच्या मॅडम करून देतील, असंही सांगितलं. वहिनी म्हणाली, लिहून घेतलं.

मॅडमना मी अजून काहीच विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला भीती वाटली, चांगलीच वाटली, आणि मग मी एक कागद घेऊन भावाच्या दोन्ही मुलांची नावं लिहिली आणि ती तीनदा वाचली.